बुटातली पट्टी

जयपूरला पोस्टिंग आलं तेव्हा छावणीतल्या क्वार्टर्सची प्रतीक्षायादी इतकी लांब होती, की मी मुकाट्याने जगतपुऱ्यात भाड्याचं घर घेतलं. पर्यटकांच्या नकाशात हा भाग येत नाही. हवामहाल, आमेर सगळं दूर. इथे आहेत उंच इमारती, कोचिंगच्या पाट्या, रुंद महल रोड आणि ती शूटिंग रेंज, जिथे अवनी लेखराने पहिल्यांदा रायफल हातात घेतली आणि पुढे टोकियो व पॅरिस अशा दोन पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकलं. पहाटे साडेपाचला हा रस्ता पळणाऱ्यांचा असतो. त्यांच्यातले निम्मे तरी ज्या बुटांत पळतात, त्यांचा आवाज वेगळा येतो. साध्या बुटाची 'थप थप' नाही, तर पोकळ लाकडावर टिचकी मारल्यासारखी 'टॉक टॉक'. सोल चार बोटं जाड, रंग डोळ्यात भरणारे, वजन मात्र दोनशे ग्रॅमच्या आसपास. जाड सोलच्या पोटात कार्बन फायबरची एक वाकडी पट्टी असते. किंमत वीस हजारांच्या घरात, कित्येकदा पुढेच.

हे बूट मॅरेथॉनसाठी जन्मले. पण जगतपुऱ्यात काय किंवा पुण्या-नाशकात काय, रविवारी पळल्या जाणाऱ्या शर्यती बहुतेक पाच नि दहा किलोमीटरच्या असतात. आता तेवढ्या अंतरासाठीही पट्टीवाले, आणखी हलके बूट निघाले आहेत. पळणाऱ्याच्या पायात काय आहे, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी तो पुण्यात विचारला गेला होता, आणि त्याचं उत्तर होतं: काहीही नाही.

एनडीएत असताना लिबर्टीच्या दिवशी आम्हा कॅडेट्सचे पाय डेक्कनकडे वळत, ते काही इतिहासासाठी नव्हे. खडकवासल्याच्या मेसनंतर माणसाला पुण्यात काय हवं असतं ते सांगायला नको. पण त्याच डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांमधून १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकचा भारतीय संघ उभा राहिला. सर दोराबजी टाटा तिथे अध्यक्ष म्हणून आले होते. त्यांनी पाहिलं ते असं: पंचवीस-एक मैलांच्या शर्यतीला आलेले धावपटू म्हणजे शेतकरी. कुणी अनवाणी, कुणाच्या पायात जमेल तसं काहीतरी बांधलेलं. आधुनिक प्रशिक्षण नाही, ऑलिम्पिकचे नियम माहीत नाहीत, आणि वेळा मात्र युरोपातल्या स्पर्धांशी तुलना करावी अशा. दोराबजी उद्योगपती होते. कच्चा माल उत्तम आहे हे त्यांना लगेच कळलं. संघ पाठवण्याचा विचार त्यांनी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्यासमोर मांडला आणि पदरचे पैसेही घातले.

त्या संघात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. २२ ऑगस्ट १९२० रोजी अँटवर्पच्या मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले, २ तास ५० मिनिटं ४५.४ सेकंदांत. त्या वर्षीचं अंतर आजच्या ४२.१९५ पेक्षा जास्त होतं, ४२.७५ किलोमीटर. विजेता फिनलंडचा हानेस कोलेमाइनेन, २ तास ३२ मिनिटं. म्हणजे बोटीने आठवडेच्या आठवडे प्रवास करून, परक्या हवेत, परक्या रस्त्यावर, चौगुले जगातल्या सर्वोत्तम माणसाच्या अठरा मिनिटं मागे होते. बेळगावकडच्या वाचकांना हे नाव माहीत असेल. पुण्या-मुंबईकडे मी विचारून पाहिलं आहे, दहात एकालाही नसतं. हेलसिंकीच्या खाशाबा जाधवांना आपण उशिरा का होईना आठवलं. चौगुल्यांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

अनवाणी पळणं म्हणजे गरिबी, एवढाच अर्थ लावला तर चूक होईल. सवय हीसुद्धा गोष्ट आहे. पेशवाईतले जासूद जोडीने निघत आणि पत्रं घेऊन मजल-दरमजल करत. त्यांच्या पायाचा तळवा हाच त्यांचा सोल. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये अबेबे बिकिला अनवाणी पळून जिंकला तेव्हा जगाने तोंडात बोट घातलं. हा बिकिला इथिओपियाच्या सम्राटाच्या अंगरक्षक दलातला शिपाई, म्हणजे आमच्याच बिरादरीतला. मिळालेले नवे बूट पायाला नीट बसेनात, म्हणून त्याने ते बाजूला ठेवले. चार वर्षांनी टोकियोत तोच बूट घालून पळाला, पुन्हा जिंकला आणि रोमपेक्षा तीन मिनिटं लवकर पोचला.

आपल्या फौजेतलं असं नाव म्हणजे शिवनाथ सिंह. बिहारचा हा जवान पुष्कळदा पायाला नुसती चिकटपट्टी गुंडाळून पळायचा. १९७४ च्या तेहरान आशियाई स्पर्धेत ५,००० मीटरचं सुवर्ण, १९७६ ला माँट्रियलच्या ऑलिम्पिक मॅरेथॉनमध्ये अकरावा क्रमांक, आणि १९७८ साली जालंधरला २ तास १२ मिनिटं सपाट. हा राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून अधिक काळ कुणाला मोडता आला नाही. त्या काळात बुटांचे किती अवतार येऊन गेले! पट्टीवाले बूट आल्यावरसुद्धा पुढची कित्येक वर्षं तो आकडा तसाच राहिला. बुटांच्या जाहिराती वाचताना मला हे वर्ष आठवतं.

फौजेच्या बुटांची गोष्ट याच्या अगदी उलट. जुन्या मंडळींना ॲम्युनिशन बूट आठवत असतील: तळाला खिळे, टाचेला नाल, परेडवर आवाज असा की जमीन हादरावी. मग डीएमएस आले, रबरी सोलचे. पीटीसाठी तपकिरी कॅनव्हासचे बूट. त्यांत सोल होता असं कागदोपत्री म्हणता येईल. एनडीएतली क्रॉस कंट्री आम्ही अशाच बुटांत पळालो आणि बीपीईटीचे पाच किलोमीटर आजही जंगी बूट, पाठीवर सामान आणि हातात रायफल घेऊनच पळायचे असतात. तिथे हलकेपणाचा विचार नाही, कारण लढाईत कुणी तुम्हाला हलके बूट घालून यायला वेळ देत नाही. गंमत अशी, की बुटाचं वजन किती महाग पडतं हे मोजलं गेलेलं आहे. प्रत्येक बुटात शंभर ग्रॅम वाढले की पळायला साधारण एक टक्का जास्त ऊर्जा लागते. पाय दर पावलाला उचलायचा आणि पुढे फेकायचा असतो. म्हणून पाठीवरच्या वजनापेक्षा पायातलं वजन जास्त जाचतं, हे ज्याने ओल्या बुटांत रूट मार्च केला आहे त्याला प्रयोगशाळेने सांगायची गरज नाही.

आता त्या पट्टीकडे येऊ. कार्बन फायबर हे मूळचं आमच्या व्यवसायातलं सामान. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये आणि मग इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये त्यावर काम झालं. हेतू विमानं हलकी करण्याचा. आपल्या तेजसच्या सांगाड्यात वजनाने सुमारे ४५ टक्के वाटा अशा कॉम्पोझिट पदार्थांचा आहे. आणि विमानातून हा पदार्थ माणसाच्या पायात आला तो धावपटूंच्या आधी अपंगांसाठी आला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. अमेरिकेत व्हॅन फिलिप्स या तरुणाचा पाय १९७६ साली अपघातात गेला. मिळालेला कृत्रिम पाय त्याला पसंत पडेना, म्हणून त्याने कार्बनचा, स्प्रिंगसारखा लवचिक पाय बनवला. त्याचंच पुढचं रूप म्हणजे पॅरा धावपटूंचं वाकडं ब्लेड. आपल्याकडे डॉ. अब्दुल कलाम सांगायचे, की हैदराबादच्या एका हॉस्पिटलमध्ये तीन किलोंचे धातूचे कॅलिपर ओढत चालणारी मुलं पाहिली आणि क्षेपणास्त्राच्या हलक्या मटेरियलपासून तीनशे ग्रॅमचे कॅलिपर तयार केले. अग्नीच्या यशापेक्षा त्या मुलांचं पळणं त्यांना जास्त समाधान देऊन गेलं, असं ते म्हणत.

मी ज्या शहरात हे लिहितोय त्या शहराचं नावच एका कृत्रिम पायाला आहे. सवाई मानसिंह हॉस्पिटलमध्ये रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीला 'जयपूर फूट' घडवला. रबराचा, लाकडाचा, मांडी घालून बसता येईल, शेतात चिखलात चालता येईल असा. शर्मांना रबराची कल्पना सुचली ती सायकलच्या टायरची दुरुस्ती बघून. त्यात कार्बन नाही, क्षेपणास्त्र नाही. आणि आमच्या पुण्यात १९४४ पासून आर्टिफिशियल लिंब सेंटर आहे, जिथे पाय गमावलेले जवान पुन्हा उभे राहतात. १५ जुलै १९९९ रोजी कारगिलच्या युद्धात मेजर डी. पी. सिंग यांच्याजवळ तोफगोळा फुटला. डॉक्टरांनी आधी त्यांना मृत समजलं, मग पाय कापावा लागला. दहा वर्षांनी हा माणूस दिल्लीची हाफ मॅरेथॉन पळाला, साध्या कृत्रिम पायावर. कार्बनचं ब्लेड त्यांना मिळालं ते त्यानंतर. त्यामुळे कुणी दहा किलोमीटर आधीच्यापेक्षा अर्धं मिनिट लवकर पळण्यासाठी बुटात कार्बन घालतो तेव्हा मी त्याला हसत नाही, पण त्या पदार्थाचं खरं काम कुठे झालं ते विसरतही नाही.

बुटात कठीण पट्टी घालायचे प्रयोग नव्वदच्या दशकापासून चालू होते. रिबॉक, आदिदास, फिला यांनी करून पाहिले. कॅलगरी विद्यापीठात २००६ साली मोजलं गेलं की ताठ पट्टीने सुमारे एक टक्का ऊर्जा वाचते. बाजार मात्र हलला नाही. तो हलला २०१६ मध्ये. रिओच्या पुरुष मॅरेथॉनचे तिन्ही पदकविजेते नायकेच्या एका नव्या, जाड सोलच्या नमुन्यात पळाले आणि पुढच्या वर्षी तो 'व्हेपरफ्लाय ४%' नावाने दुकानात आला. नावातला आकडा कोलोरॅडो विद्यापीठातल्या चाचणीचा: आधीच्या उत्तम बुटांपेक्षा सरासरी चार टक्के कमी ऊर्जा. मग १२ ऑक्टोबर २०१९ ला व्हिएन्नात किपचोगे १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत ४२ किलोमीटर पळाला आणि दुसऱ्याच दिवशी शिकागोत ब्रिजिड कोसगेईने २:१४:०४ करून महिलांचा सोळा वर्षांचा विक्रम मोडला.

सगळ्यांनी श्रेय पट्टीला दिलं. कार्बन हा शब्दच असा आहे, की ऐकणाऱ्याला विमान दिसतं. खरा चमत्कार फोमचा होता. पेबॅक्स नावाच्या प्लॅस्टिकपासून केलेला हा फोम दाबला की दाबायला लागलेली ८५ टक्क्यांहून जास्त ऊर्जा परत देतो आणि वजन नगण्य. त्यामुळे सोल जाड करूनही बूट हलका राहतो. पण नुसता जाड, मऊ फोम म्हणजे गादीवर पळणं. पाय लटपटतो. पट्टी त्या गादीला कणा देते, आणि अंगठ्याच्या मुळाशी जो सांधा दर पावलाला वाकून ऊर्जा खातो, त्याला कमी वाकू देते. संशोधकांनी एकदा बुटातली पट्टी करवतीने आडवी कापून पुन्हा धावपटूंना पळवलं. फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास पडला, म्हणजे जवळजवळ नाहीच. पलटणीतही असंच असतं. परेडच्या पुढे झेंडा घेऊन चालणारा दिसतो, रसद पुरवणारा दिसत नाही.

जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने ३१ जानेवारी २०२० ला नियम केले: रस्त्यावरच्या बुटाचा सोल ४० मिलिमीटरपेक्षा जाड नको, पट्टी एकच आणि बूट बाजारात सर्वांना मिळायला हवा. नियम कडक पाळलाही जातो. २०२१ मध्ये व्हिएन्ना मॅरेथॉन जिंकलेल्या इथिओपियाच्या देरारा हुरिसाचा सोल ५० मिलिमीटर निघाला आणि विजय रद्द झाला. मोजपट्टीचे नियम मला पटतात. 'बाजारात सर्वांना मिळायला हवा' हे वाक्य मात्र फार साळसूद आहे. मिळणं आणि परवडणं यांतलं अंतर कुठल्याही मोजपट्टीत बसत नाही.

पाच-दहा किलोमीटरच्या बुटांचा हिशेब थोडा वेगळा. इतक्या कमी अंतरात मांड्या फुटेस्तोवर पळायचं नसतं, म्हणून भरपूर फोमची गरज कमी. हवं ते जमिनीशी घट्ट नातं, वळणावर स्थिर टाच आणि शक्य तितकं कमी वजन. आदिदासचा 'ताकुमी सेन' या जातीचा. त्यात सलग पट्टी नसून काचतंतूच्या कांड्या असतात. ताकुमी म्हणजे जपानीत कुशल कारागीर, आणि हे नाव हितोशी मिमुरा या वस्ताद बूटकारागिराशी जोडलेलं. जपानी लोक बुटाला कारागिराचं नाव देतात. आपण संत रोहिदासांचं नाव घेतो आणि चामडं शिवणाऱ्याला दाराबाहेर उभं करतो. असो. त्याच जपानमध्ये जानेवारी २०२१ च्या हाकोने एकिदेन या विद्यापीठांच्या प्रसिद्ध रिले शर्यतीत स्वदेशी ॲसिक्सचा बूट घातलेला एकही धावपटू नव्हता. कंपनीने तो घाव जिव्हारी लावून घेतला आणि काही महिन्यांत स्वतःचा पट्टीवाला बूट आणला.

वेळांवर परिणाम झालाच. जानेवारी २०२४ मध्ये वलेन्सियात ॲग्नेस न्गेतिच दहा किलोमीटर २८:४६ मध्ये पळाली. एकोणतीस मिनिटांच्या आत जाणारी ती पहिली महिला. पण ही झाली तीन मिनिटांच्या आत किलोमीटर संपवणाऱ्यांची गोष्ट. पन्नास मिनिटांत दहा किलोमीटर करणाऱ्याचा, म्हणजे ताशी बारा किलोमीटर वेगाचा फायदा मोजला तेव्हा सरासरी १.४ टक्के ऊर्जा वाचलेली दिसली. ताशी दहाला एक टक्क्याहून कमी. म्हणजे वेळेत जास्तीत जास्त अर्ध्या-पाऊण मिनिटाचा फरक, तोही सरासरीचा. माणसामाणसांत फरक इतका, की कुणाला भरपूर लाभ तर कुणाला चक्क तोटा. शिवाय ताठ पट्टीमुळे पायावरचा भार नव्या जागी जातो. पायाच्या मधल्या नॅव्हिक्युलर हाडाला इजा झालेल्या काही धावपटूंची नोंद डॉक्टरांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केली. ज्यांनी प्रशिक्षण केंद्रांत स्ट्रेस फ्रॅक्चर झालेली पोरं पाहिली आहेत, त्यांना हे वाचून चैन पडणार नाही.

आणि आता ज्यामुळे हा लेख लिहायला बसलो ते. युनिटमध्ये आष्टी तालुक्यातला एक अग्निवीर आहे. आष्टी म्हटल्यावर पुढचं नाव सांगायला नको. मांडव्याचा अविनाश साबळे, ५ महार, सियाचीन पाहिलेला, राजस्थानचं वाळवंट आणि सिक्कीम पाहिलेला, मग फौजेच्या क्रॉस कंट्रीतून वर आलेला. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने स्टीपलचेसमधला राजस्थानच्या गोपाल सैनींचा ३७ वर्षं जुना विक्रम मोडला. २९ नोव्हेंबर २०२० ला दिल्लीत हाफ मॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पळाला, ६१ मिनिटांच्या आत जाणारा पहिला भारतीय. बर्मिंगहॅमला सुवर्ण ०.०५ सेकंदाने हुकलं, हांगझौला मिळालं. आष्टीतल्या पळणाऱ्या प्रत्येक पोराच्या डोक्यात साबळे असतो. आमच्या पोराच्याही.

त्याने सुट्टीच्या रविवारी जयपुरात दहा किलोमीटरची एक शर्यत पळून पाहिली, सदतीस मिनिटांच्या आत. मग एका संध्याकाळी माझ्यासमोर येऊन सावधानमध्ये उभा राहिला. "साहेब, एक विचारू का? कार्बनचे बूट घ्यावेत म्हणतो. टीमची ट्रायल आहे."

"केवढ्याचे?"

"बावीस हजार, साहेब. नाहीतर एक जण फर्स्ट कॉपी साडेतीन हजारांत देतो म्हणाला."

अग्निवीराच्या हातात पहिल्या वर्षी महिन्याला एकवीस हजार येतात. त्यातले घरी किती जातात हे मी विचारलं नाही, ते मला माहीत होतं. चार वर्षांनी कोण राहणार आणि कोण परतणार हे त्याच्या डोक्यात असणार, ट्रायलवर त्याने काय काय बांधलं असणार, हेही दिसत होतं. अशा वेळी "बूट पळत नाहीत, माणूस पळतो" असली वाक्यं तोंडावर येतात आणि ती बोलायची नसतात. वीस हजारांचे बूट ज्याला सहज घेता येतात त्याने ते बोलणं तर अजिबातच बरं नव्हे. २०१३ साली बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये लताबाई भगवान करे पासष्टीच्या वयात, नऊवारी नेसून, अनवाणी तीन किलोमीटर पळाल्या आणि जिंकल्या. नवऱ्याच्या उपचारांना पैसे हवे होते. पुढे त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात स्वतःची भूमिका त्यांनीच केली. आपण टाळ्या वाजवल्या. पण त्या अनवाणी पळाल्या ते अनवाणी पळणं थोर म्हणून नव्हे. सावरपाड्याच्या कविता राऊतनेही पळणं निवडलं त्याचं एक कारण हेच, की त्याला काही विकत घ्यावं लागत नाही. तिने पुढे २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलात १०,००० मीटरचं कांस्य आणि ग्वांगझौच्या आशियाई स्पर्धेत रौप्य आणलं.

मी त्याला बसवलं आणि हिशेब कागदावर मांडला. ट्रायल क्रॉस कंट्रीची, म्हणजे माती, वाळू, उतार. तिथे चाळीस मिलिमीटरचा मऊ सोल घोटा मुरगळायचं निमित्त. रस्त्यावर त्याच्या वेगाला फायदा नक्की आहे, नाही म्हणणं खोटं ठरलं असतं. सदतीसच्या जागी कदाचित साडेछत्तीसच्या खाली. पण फर्स्ट कॉपीच्या पोटात कसली पट्टी आहे आणि कसला फोम, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. साडेतीन हजारांत पायाचं हाड गेलं, तर ट्रायल नाही आणि बीपीईटीही नाही.

"मग साहेब, काय घेऊ?"

पट्टी नसलेला, साधा, हलका बूट, पाचेक हजारांचा, आणि पायाला आधी घालून बघून. एवढंच सांगितलं. टीममध्ये नाव लागलं तर स्पर्धेच्या बुटांसाठी युनिटच्या खेळनिधीतून काय करता येतं ते बघायला क्वार्टरमास्टरला बोललो आहे. त्याने कपाळाला आठ्या घालून फाइल मागितली. ट्रायल पुढच्या महिन्यात आहे. पोरगा सध्या पहाटे रेंजमागच्या कच्च्या रस्त्याला पळतो. तिथे वाळू खोल आहे, आणि परवापासून त्याने शेवटचे दोन किलोमीटर बूट हातात घेऊन पळायला सुरुवात केली आहे. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "गावाकडं असंच पळायचो, साहेब."